ठसा दगडाचा, ठसा चकतीचा

शाळेच्या कचेरीत जून महिना म्हणजे दाखल्यांचा महिना. दहावीचा निकाल लागलेला असतो, मुले आणि पालक दारात उभे असतात आणि लिपिक जनरल रजिस्टर उघडून एकेकाची नोंद शोधत असतात. लातूर-नांदेड पट्ट्यातील एका शाळेत आमच्यापैकी एकजण शिकवत असताना, अशाच एका जूनमध्ये कचेरीतला संगणक सकाळी सुरूच झाला नाही. निळा पडदा, त्यावर इंग्रजीत चार ओळी, आणि पुन्हा सुरू केला तरी तोच निळा पडदा. त्या संगणकात जुन्या रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे साठवलेली होती. मूळ पाने इतकी जीर्ण झाली होती की ती रोज उलटायला नकोत, म्हणून हा खटाटोप केला होता.

बिघाडाचे कारण आम्हीच होतो. महिन्यापूर्वी आम्ही त्या संगणकात एक आज्ञावली तीस दिवसांच्या चाचणीसाठी बसवली होती. संगणकातील हार्ड डिस्कची, म्हणजे साठवणीच्या चकतीची, जशीच्या तशी प्रत काढून ठेवणे हे तिचे काम. मुदत संपल्यावर आम्ही तिचा फोल्डर पुसला, तिच्या नावाच्या आणखी ज्या फायली सापडल्या त्याही पुसल्या आणि संगणक बंद करून घरी गेलो. नोंदी वाचवण्यासाठी आणलेल्या आज्ञावलीपायीच नोंदी अडकून पडल्या.

असे का झाले? संपूर्ण चकतीची प्रत घेण्याची ही रीत आली कुठून? आणि असे साधन वापरून पाहायचे व नको असल्यास काढून टाकायचे, तर ते कसे? ही उत्तरे शोधताना आम्हाला आमच्याच भागातले एक जुने काम आठवले. त्यात संगणक नव्हता, पण प्रश्न हाच होता.

पाहून केलेली नक्कल आणि ठसा

नांदेड जिल्ह्यात कंधार, होट्टल, तडखेल, करडखेड अशा गावी राष्ट्रकूट आणि चालुक्य काळातील शिलालेख आहेत. काही संस्कृतात आहेत, तर देगलूरच्या बाजूचे बरेचसे कन्नडमध्ये. लातूरच्या पापविनाशक मंदिरातील लेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळचा आहे. शतकानुशतके हे दगड गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण त्यांवरील अक्षरे वाचणारे कोणी उरले नव्हते. १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांचा ‘इन्स्क्रिप्शन्स फ्रॉम नांदेड डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जिल्ह्यातील लेख अभ्यासकांना एकत्र उपलब्ध झाले.

शिलालेखाची प्रत दोन प्रकारे घेता येते. दगडासमोर बसून अक्षरे पाहत ती कागदावर उतरवणे हा पहिला प्रकार. यात उतरवणाऱ्याला लिपी यावी लागते. जे अक्षर कळत नाही ते तो अंदाजाने लिहितो किंवा सोडून देतो. म्हणजे त्याच्या समजुतीच्या मर्यादा प्रतीत उतरतात. दुसरा प्रकार ठशाचा. दगड पाण्याने व ब्रशाने स्वच्छ करतात. त्यावर ओला कागद पसरतात आणि राठ केसांच्या ब्रशाने तो ठोकतात, म्हणजे कागद कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत बसतो. कागद थोडा सुकला की काजळीच्या शाईत बुडवलेली कापडी गादी त्यावर हलक्या हाताने टेकवत जातात. वरचा सपाट भाग काळा होतो, खाचांत दबलेली अक्षरे पांढरी राहतात. कागद पुरता सुकला की कडेकडेने सावकाश सोडवून घेतात.

या रीतीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ठसा घेणाऱ्याला लेख वाचता येण्याची गरज नाही; दगडावर जे आहे ते सगळे, अगदी चिरा आणि टवकेसुद्धा, कागदावर येते. दुसरी, शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूला लागते, दगडाला नाही. अक्षरांत रंग किंवा तेल भरून ती उठवून पाहिली तर वाचन सोपे होते, पण डाग मुळावर राहतो. तिसरी, कागद कसा काढायचा हा विचार तो चिकटवण्याआधीच करावा लागतो. घाईने ओढला तर फाटतो, तसाच सोडला तर दगडाला चिकटून बसतो.

वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो. एका मुलाला रुपयाचे नाणे पाहून त्याचे चित्र काढायला सांगावे. दुसऱ्याने नाण्यावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासावी. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलांनाच विचारावे की नाण्यावरचा बारीक ओरखडा कोणत्या कागदावर आला.

चकतीचा ठसा

आता संगणकाकडे वळू. चुंबकीय चकतीवर माहिती साठवणारा पहिला व्यापारी संगणक आयबीएमने १९५६ साली जाहीर केला. त्याच्या साठवण-यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक बसवलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. चकती कितीही लहानमोठी असली तरी तिची रचना एका मोठ्या फडताळासारखी असते. क्रमांक घातलेले सारख्या मापाचे कप्पे असतात (दीर्घकाळ एका कप्प्यात ५१२ बाइट मावत) आणि कोणती फाईल कोणत्या कप्प्यांत आहे हे सांगणारी अनुक्रमणिका असते.

म्हणून चकतीचीही प्रत दोन प्रकारे घेता येते. अनुक्रमणिका वाचून एकेक फाईल उचलून नेणे हा झाला पाहून नक्कल करण्याचा प्रकार. अनुक्रमणिकेकडे न बघता पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत सगळे जसेच्या तसे उतरवणे हा झाला ठसा. ठशामध्ये फायली येतात, तसाच संगणक सुरू होताना लागणारा अगदी पहिला कप्पाही येतो. पुसलेल्या फायलींचे अवशेषही येतात, कारण फाईल पुसताना बहुधा अनुक्रमणिकेतील नोंदच जाते, कप्प्यातला मजकूर लगेच जात नाही. चकतीत विषाणू असेल तर तोही येतो. ठसा निवड करत नाही.

१९७४ च्या युनिक्स प्रणालीत ‘डीडी’ नावाची छोटी आज्ञा होती. कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे एवढे सांगितले की ती कप्प्यामागून कप्पा उतरवते. ही दोन नावे चुकून उलटी लिहिली तर ती तितक्याच निमूटपणे कोरी चकती भरलेल्या चकतीवर उतरवते आणि मूळ माहिती नाहीशी होते. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर डॉस प्रणाली आली, तिच्यातही दोन निरनिराळ्या आज्ञा होत्या. ‘कॉपी’ ही फाईल उतरवी, ‘डिस्ककॉपी’ ही संपूर्ण फ्लॉपी. ज्यांनी त्या काळी संगणक शिकला त्यांना सव्वापाच इंचांच्या फ्लॉपीच्या कडेची खाच आठवत असेल. खाचेवर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काहीही लिहिता येत नसे, फक्त वाचता येई. मूळ फ्लॉपीला आधी पट्टी लावा आणि मगच प्रत घ्या, असे शिकवणारे सांगत. दगडाला शाई लागू न देण्याचाच हा प्रकार होता.

आतून घेतलेला ठसा

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरी हॅझर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘घोस्ट’ ही आज्ञावली तयार केली. १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली आणि ‘नॉर्टन घोस्ट’ या नावाने ती जगभर पसरली. एक संगणक नीट लावून घ्यायचा, त्याच्या चकतीचा ठसा घ्यायचा आणि तो बाकीच्या वीस संगणकांवर उमटवायचा. प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना याहून सोयीचे काय असणार? केंद्र सरकारची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. त्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन कडक होते. वीज अचानक गेली की चकतीवरचे लिहिणे अर्धवट राहते आणि अनुक्रमणिका बिघडू शकते. अशा वेळी सगळे पुन्हा बसवण्यात दिवस घालवण्यापेक्षा ठसा उमटवणे सोपे पडते.

सुरुवातीचे घोस्ट फ्लॉपीवरून चाले. संगणक फ्लॉपीने सुरू करायचा, काम करायचे, फ्लॉपी काढून घ्यायची. चकतीवर आज्ञावलीचा मागमूस राहत नसे. मात्र त्यासाठी संगणकावरचे नेहमीचे काम थांबवावे लागे. कचेऱ्यांना आणि बँकांना ते परवडणारे नव्हते. चालू संगणकाचा ठसा घेण्यात अडचण अशी की पहिला कप्पा उतरवून शेवटच्या कप्प्यापर्यंत पोहोचेतो मधले कप्पे बदललेले असतात. वर्गाचा फोटो काढताना मुले जागा बदलत राहिली तर एकच मुलगा दोनदा येईल आणि दुसरा येणारच नाही, तसे हे आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने यावर एक व्यवस्था आणली. तिच्यामुळे एका क्षणीची स्थिती गोठवल्यासारखी धरून ठेवता येते आणि वापरणाऱ्याचे काम चालूच राहते. आता ठसा घेणाऱ्या आज्ञावल्या विंडोजच्या आत बसू लागल्या. घोस्टची २००४ ची आवृत्तीही अशीच आतून काम करणारी होती.

सोय झाली, पण काढून टाकण्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. चालू चकतीवर लक्ष ठेवण्यासाठी अशा अनेक आज्ञावल्या विंडोज आणि चकती यांच्या वाटेवर आपला एक छोटा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बसवतात. शाळेतल्या आवक-जावक कारकुनाची उपमा येथे चपखल बसते. मुख्याध्यापकांकडे जाणारा प्रत्येक कागद त्याच्या सहीनिशी पुढे जातो. उद्या या कारकुनाची बदली झाली, पण ‘त्याच्या सहीविना कागद घेऊ नये’ हा नियम भिंतीवर तसाच राहिला, तर कचेरी ठप्प होईल. विंडोजमध्ये असे नियम ‘रजिस्ट्री’ नावाच्या नोंदवहीत असतात. आम्ही चालकाची फाईल पुसली, नोंदवहीतील त्याचे नाव मात्र राहिले. सकाळी विंडोजने त्या चालकाला हाक मारली, तो सापडला नाही, आणि चकतीपर्यंतची वाटच बंद झाली.

चकतीतील माहितीला धक्का लागलेला नव्हता. जाणकाराने चकती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, रजिस्टरांची छायाचित्रे प्रथम बाहेर काढून घेतली आणि मग नोंदवहीतील ते एक नाव खोडले. संगणक सुरू झाला. मधले दोन दिवस दाखले अडले, आणि तेवढे दिवस आम्हाला वाटत राहिले की सगळे गेले.

वापरून पाहायचे तर

या प्रसंगातून आणि आधीच्या इतिहासातून आम्ही स्वतःपुरती एक रीत ठरवली आहे.

जी आज्ञावली बसवावीच लागत नाही, तिच्यापासून सुरुवात करावी. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेली ‘क्लोनझिला’ ही मुक्त आज्ञावली पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. काम झाले की पेन ड्राइव्ह काढायचा. काढून टाकण्यासारखे मागे काही राहतच नाही, जुन्या घोस्टच्या फ्लॉपीसारखेच. तिचे पडदे इंग्रजीत आणि रुक्ष आहेत. म्हणून पहिला प्रयोग कचेरीच्या संगणकावर करू नये. प्रयोगशाळेतील जुना, ज्यात गमावण्यासारखे काही नाही असा संगणक घ्यावा. प्रयोगापूर्वी महत्त्वाच्या फायलींची साधी प्रत वेगळ्या ठिकाणी असावीच. नव्या संगणकांत विंडोजने चकतीला ‘बिटलॉकर’चे कुलूप लावलेले असू शकते; त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप अडल्यास लागणारा अंकांचा संकेत, आधी कागदावर लिहून ठेवावी.

ठसा त्याच चकतीवर ठेवू नये, बाहेरच्या चकतीवर घ्यावा. कोणती चकती वाचायची आणि कोणतीवर लिहायचे हे ठरवताना दोघांनी मिळून पडदा वाचावा. चकत्यांची मापे वेगळी असली तर ओळखणे सोपे जाते. वेळेचा हिशेब आधी करावा. ५०० गिगाबाइट भरलेली चकती सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने उतरली तर ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ एक तास तेवीस मिनिटे लागतात. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्याप्रमाणे बसावे.

ठसा बरोबर आला का? गणितात आपण ताळा पाहतो. ४३ × २६ = १११८. नऊचा ताळा घेतला तर ४३ चे ७, २६ चे ८, ७ × ८ = ५६ म्हणजे ११, म्हणजे २; आणि १११८ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. ताळा जमला. पण चुकून ११८१ लिहिले असते तरी हा ताळा जमलाच असता, कारण अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. संगणकातील ‘शा-२५६’ सारखे ताळे याहून फार कडक असतात. कोट्यवधी अक्षरांत एका अक्षराची जागा बदलली तरी उत्तर पूर्णपणे वेगळे येते. ठसा घेणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांत पडताळणीची सोय असते. ती वापरावी.

एवढ्यावरही थांबू नये. ताळा जमला म्हणजे प्रत आणि मूळ सारखे आहेत एवढेच कळते. त्या प्रतीतून संगणक उभा राहील की नाही हे कळत नाही. ठसा दुसऱ्या, मूळ चकतीएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या चकतीवर उमटवावा, ती चकती जोडून संगणक सुरू करावा आणि दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. ही परीक्षा न दिलेला ठसा हा नुसता मोठा फोल्डर आहे.

विंडोजच्या आत बसणारीच आज्ञावली हवी असेल, तर ती बसवण्याआधी संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होतो ना हे तपासावे. नको झाली की तिच्यातील वेळापत्रके प्रथम बंद करावीत. तिने चकतीवर स्वतःसाठी लपवलेला विभाग केला असेल तर तो तिच्याच मार्फत मोडावा. मग विंडोजच्या यादीतून किंवा कंपनीने दिलेल्या साधनाने ती रीतसर काढावी आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. फायली हाताने पुसत बसू नये. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. अनेक आज्ञावल्यांचे ठसे त्यांच्या स्वतःच्या साच्यात असतात आणि आज्ञावली गेली की ते उघडता येत नाहीत. नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झाले. ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’च्या मोफत आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२४ रोजी संपला. तेव्हा आज्ञावली काढण्यापूर्वी ठशातील फायली साध्या स्वरूपात बाहेर काढून घ्याव्यात.

प्रत कुठे ठेवायची

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि घरात जे होते ते त्यांच्याखाली गेले. मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच कपाटात असतील तर अशा वेळी दोन्हींचे भवितव्य एकच. म्हणून ठशाची चकती शाळेच्याच इमारतीत ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ती दुसऱ्या गावी, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, जबाबदार व्यक्तीकडे कुलपात असावी. तीत मुलांची व्यक्तिगत माहिती असते हे ध्यानात ठेवून तिला संकेतशब्दही घालावा.

एवढे करायचे कशासाठी, असे कोणी विचारील. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळची बरीच दप्तरे उर्दूत आहेत, काही मोडीतही आहेत. पुढील पिढ्यांतील शिक्षकांना ती वाचता येत नव्हती. नवी रजिस्टरे सुरू झाल्यावर ही जुनी रजिस्टरे कपाटाच्या तळाशी गेली. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील जुनी महसुली व शैक्षणिक दप्तरे पुन्हा उघडली गेली. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एका गोष्टीवर दुमत होणार नाही. ज्या पानाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यावरील एका शब्दासाठी माणसे तालुक्याला खेपा घालू लागली.

कोणते पान पुढे लागेल हे आज आपल्याला ठरवता येत नाही. होट्टलच्या कन्नड लेखांचा ठसा घेण्यासाठी कन्नड यावी लागत नाही, वाचणारा नंतर आला तरी चालते. जुन्या रजिस्टरांचेही तसेच आहे. वाचता येतात तेवढीच पाने न निवडता, मुखपृष्ठापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत सगळी उतरवून ठेवावीत.

त्या शाळेत आता वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, ठसा घेतात. घेतल्यावर तो जुन्या संगणकावर उमटवून पाहतात आणि लिपिक स्वतः एक जुने पान उघडून मुख्याध्यापकांना दाखवतात. जनरल रजिस्टरच्या शेजारी एक वही ठेवली आहे. तीत तारीख, पडताळणी झाली की नाही, आणि चकती कोणाकडे दिली, एवढ्या तीन नोंदी असतात.